लिनक्स पॅकेजमधला टॉमकॅट आणि मॉनिटरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, फोंडा, म्हापसा, वेर्णे इथल्या कार्यालयांत सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. टॉमकॅट म्हणजे जावातली वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर. कुणाकडे हॉटेलचं बुकिंग त्यावर चालतं, कुणाकडे पतसंस्थेची खाती, कुणाकडे शाळेची फी. बहुतेक ठिकाणी नेटवर्क, प्रिंटर आणि सर्व्हर हे सगळं एकच माणूस बघतो. त्याला उद्या सकाळी थेट वापरता यावीत, अशा बेताने उत्तरं लिहिली आहेत.

उदाहरणं डेबियन १२ मधल्या टॉमकॅट१० ची आहेत, उबुंटू २४.०४ मध्येही टॉमकॅट१० च आहे. रॉकी, अल्मा अशा रेड हॅट कुटुंबात जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. फाइलींचे मार्ग, आज्ञा आणि पर्याय वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाइप करायचे.

१. पॅकेजमधून बसवलेला टॉमकॅट आणि संकेतस्थळावरून झिप उतरवून बसवलेला टॉमकॅट, मॉनिटरिंगच्या दृष्टीने फरक काय?

सर्व्हर तोच, मांडणी वेगळी. झिपमध्ये सगळं एका फोल्डरात असतं. डेबियनचं पॅकेज तेच सामान चार ठिकाणी ठेवतं: प्रोग्राम /यूएसआर/शेअर/टॉमकॅट१० मध्ये, ॲप्लिकेशनं /व्हार/लिब/टॉमकॅट१० मध्ये, सेटिंग /इटीसी/टॉमकॅट१० मध्ये आणि लॉग /व्हार/लॉग/टॉमकॅट१० मध्ये. सेवा 'टॉमकॅट' नावाच्या वेगळ्या युजरखाली चालते आणि सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) तिच्यावर बरीच बंधनं घालतो.

मॉनिटरिंग टूलची कागदपत्रं मात्र बहुतेक वेळा झिपच गृहीत धरतात. खालचे निम्मे प्रश्न या एका गोष्टीतून निघाले आहेत. म्हणून माझा आग्रह असा, की /यूएसआर खालच्या फाइली पॅकेजच्या आणि /इटीसी खालच्या आपल्या, ही हद्द पाळा. मॉनिटरिंगसाठी जे जोडायचं ते आपल्या हद्दीतच जोडा. हे पाळलं तर सुरक्षा अपडेट आल्या दिवशी बसवायला हात कचरत नाही. पाळलं नाही तर 'आत्ता नको, मॉनिटरिंग बिघडेल' म्हणत तेच अपडेट महिनोन् महिने पडून राहतं, आणि हा धोका मॉनिटरिंग नसण्यापेक्षा मोठा आहे.

२. टूल शेकडो आकडे दाखवतं. त्यातलं नेमकं काय बघायचं?

सुरुवातीला चार गोष्टी पुरे.

पहिली, कामात गुंतलेले थ्रेड. एक थ्रेड एका वेळी एक विनंती हाताळतो. टॉमकॅटच्या कनेक्टरला (विनंत्या स्वीकारणाऱ्या भागाला) मूळ सेटिंगमध्ये २०० थ्रेडची मर्यादा असते. ते सगळे गुंतले की नवी विनंती नाकारली जात नाही, ती थांबून राहते. एनआयओ हा नेहमीचा कनेक्टर ८१९२ जोडण्या धरून ठेवू शकतो. ग्राहकाला नुसतं फिरणारं चक्र दिसतं आणि सर्व्हरवर सीपीयू मात्र निवांत असतो. म्हणून सीपीयूचा आलेख बघून 'सर्व्हर ठीक आहे' म्हणू नका.

दुसरी, डेटाबेस जोडण्यांचा पूल, म्हणजे सगळ्या थ्रेडनी वाटून वापरायच्या जोडण्यांचा साठा. डिसेंबरात हॉटेलांचं बुकिंग धीमं झालं की पहिला विचार रॅम वाढवायचा येतो. आधी पूल बघा. टॉमकॅटच्या सेटिंगमध्ये डेटासोर्स लिहिताना वेगळं काही सांगितलं नसेल, तर डीबीसीपी नावाचा पूल वापरला जातो आणि त्यात जास्तीत जास्त जोडण्या फक्त ८ असतात. दोनशे थ्रेड आठ जोडण्यांसाठी रांगेत उभे असतील, तर रॅम दुप्पट करूनही रांग हलणार नाही.

तिसरी, विनंत्या, चुका आणि लागलेला वेळ. हे तिन्ही आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात. त्यांचा सरळ आलेख काढला तर तो नुसता चढत जातो. दोन वाचनांमधला फरक काढा, आणि वेळेतला फरक विनंत्यांतल्या फरकाने भागा, म्हणजे सरासरी प्रतिसाद मिलिसेकंदांत मिळेल.

चौथी, जीसीनंतरचा हीप. हीप म्हणजे जावाची कामाची मेमरी, जीसी म्हणजे तिच्यातला नको असलेला डेटा काढून टाकणं. याची फोड प्रश्न ११ मध्ये आहे.

३. झॅबिक्स, प्रोमिथियस, नागिऑस, ओपनटेलिमेट्री: या मॉनिटरिंग टूलांपैकी काय घेऊ?

कार्यालयात आधीपासून जे चालू आहे तेच घ्या. झॅबिक्स असेल तर जावा गेटवेचं (जावाचे आकडे झॅबिक्सपर्यंत आणणाऱ्या प्रोग्रामचं) पॅकेज बसवा. ते १००५२ पोर्टवर ऐकतं. झॅबिक्स सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जावा पोलरची (गेटवेकडून आकडे मागणाऱ्या प्रोसेसची) संख्या मुळात शून्य असते. ती वाढवायची राहून जाते आणि 'गेटवे चालू आहे पण आकडे येत नाहीत' अशी तक्रार येते.

काहीच नसेल तर प्रोमिथियस आणि जेएमएक्स एक्सपोर्टर घ्या. जेएमएक्स ही आतले आकडे बाहेर देण्याची जावाची सोय. एक्सपोर्टर टॉमकॅटच्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) एजंट म्हणून, म्हणजे सोबत लोड होणारा छोटा प्रोग्राम म्हणून बसतो आणि साध्या एचटीटीपीवर आकडे देतो, त्यामुळे प्रश्न ७ मधली जेएमएक्स पोर्टची कटकट टळते. नागिऑसवाल्यांना डेबियनच्या टॉमकॅट१०-ॲडमिन पॅकेजमधलं मॅनेजरचं स्टेटस पान पुरतं. त्यासाठी युजरला मॅनेजर-स्टेटस एवढीच भूमिका द्या, पूर्ण मॅनेजर देऊ नका.

ओपनटेलिमेट्रीचा एजंट वेगळ्या कामाचा आहे. 'सर्व्हर धीमा आहे' एवढं कळून भागत नाही, 'कोणत्या पानावरची कोणती क्वेरी धीमी' हे हवं असतं, तेव्हा तो घ्या.

४. एजंटची ओळ कोणत्या फाइलमध्ये लिहायची?

डेबियन आणि उबुंटूमध्ये /इटीसी/डिफॉल्ट/टॉमकॅट१० मध्ये, जावा_ऑप्ट्स या चलात. आधीची हेडलेसची नोंद राहू द्या आणि तिच्यापुढे एजंट जोडा. सगळं एका अवतरणात, एका ओळीत. एजंटचा भाग असा दिसेल:

-जावाएजंट:/ऑप्ट/मॉनिटर/एक्सपोर्टर.जार=१२७.०.०.१:९४०४:/इटीसी/टॉमकॅट१०/एक्सपोर्टर.वायएएमएल

पोर्टच्या आधी पत्ता दिला की एक्सपोर्टर तेवढ्याच पत्त्यावर ऐकतो. प्रोमिथियस दुसऱ्या यंत्रावर असेल तर तिथे सर्व्हरचा आतल्या नेटवर्कचा पत्ता लिहा. जार फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा ठेवण्यापेक्षा आकडा नसलेली सिमलिंक करा. पुढे नवी आवृत्ती आली की फक्त लिंक बदलायची, सेटिंगला हात लावायचा नाही.

रेड हॅट कुटुंबात /इटीसी/टॉमकॅट/टॉमकॅट.कॉन्फ ही फाइल आहे, पण ती सिस्टमडी थेट वाचतो, शेल वाचत नाही. त्यामुळे डॉलरचं चिन्ह लावून आधीचं मूल्य बोलावलं तर ते उलगडत नाही. शेजारच्या कॉन्फ.डी फोल्डरात स्वतःची छोटी फाइल ठेवणं जास्त सोयीचं: तिथे शेलची चलं चालतात आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

५. सगळीकडे 'सेटएन्व्ह.एसएच मध्ये लिहा' असं सांगतात. ते चूक आहे का?

झिपसाठी बरोबर आहे. डेबियनच्या पॅकेजमध्येही ती फाइल वाचली जाते, पण ती /यूएसआर किंवा /व्हार खाली ठेवावी लागते. मग /इटीसी च्या बॅकअपमध्ये ती येत नाही आणि नव्या यंत्रावर हलताना हमखास मागे राहते. रेड हॅटच्या पॅकेजमध्ये सेवा टॉमकॅटच्या कॅटलिना नावाच्या स्क्रिप्टमधून सुरूच होत नाही, म्हणून तिथे ही फाइल ठेवून काही घडत नाही.

६. एजंटची ओळ टाकली आणि टॉमकॅट सुरूच होईना. का?

एजंट लोड झाला नाही तर जेव्हीएम त्याच्याविना पुढे जात नाही, तिथेच थांबतो. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) सेवेचे शेवटचे संदेश बघा. कारण बहुधा तीनपैकी एक असतं.

जार सापडत नाही किंवा वाचता येत नाही: रूटच्या होम फोल्डरात ठेवलेली फाइल टॉमकॅट युजरला दिसत नाही. ती /ऑप्ट मध्ये हलवा आणि टॉमकॅट युजर होऊन वाचता येते का ते तपासा.

एजंटची सेटिंग असलेली वायएएमएल फाइल बिघडलेली: टॅब किंवा चुकीची मोकळी जागा.

पोर्ट आधीच वापरात: हे फसवं कारण आहे. एजंटची ओळ जावा_टूल_ऑप्शन्स या चलात टाकली, तर त्या वातावरणातली प्रत्येक जावा आज्ञा, अगदी कीटूलसुद्धा, तोच एजंट तोच पोर्ट घेऊन सुरू करायला जाते. झिपच्या टॉमकॅटमध्ये जावा_ऑप्ट्सचंही असंच होतं, कारण बंद करण्याची आज्ञासुद्धा ते चल वाचते आणि मग टॉमकॅट बंदच होत नाही. तिथे कॅटलिना_ऑप्ट्स वापरा. ते फक्त सुरू करताना वाचलं जातं. डेबियनची सेवा सिग्नल पाठवून बंद होते, म्हणून तिथे जावा_ऑप्ट्स चालतं.

७. जेकॉन्सोल (जेएमएक्सचे आकडे दाखवणारं जावाचं टूल) सर्व्हरवर जोडला जातो, माझ्या टेबलावरून मात्र अडकून बसतो. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलाय.

जेएमएक्सला दोन पोर्ट लागतात. तुम्ही उघडलेला पोर्ट फक्त पत्ता सांगतो. खरी जोडणी दुसऱ्या, आरएमआय पोर्टवर होते, आणि तो ठरवून दिला नाही तर प्रत्येक वेळी वेगळा निवडला जातो. जेएमएक्सरिमोट.आरएमआय.पोर्ट हा पर्याय देऊन दोन्हींना एकच आकडा द्या.

तरीही अडकत असेल तर सर्व्हर स्वतःचा पत्ता काय सांगतोय ते बघा. डेबियन /इटीसी/होस्ट्स मध्ये यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहितो. सर्व्हर तोच पत्ता तुमच्या लॅपटॉपला देतो आणि लॅपटॉप स्वतःशीच जोडायला बघतो. जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम मध्ये खरा पत्ता द्या.

आता सुरक्षेचं. पासवर्डाविना उघडलेला जेएमएक्स पोर्ट म्हणजे त्या यंत्रावर कुणालाही आपला कोड चालवायची मुभा. हॉटेलच्या पाहुण्यांचा वायफाय आणि कार्यालयाचा सर्व्हर एकाच नेटवर्कवर असतात अशी ठिकाणं गोव्यात कमी नाहीत, म्हणून हे कळकळीने सांगतो: जेएमएक्स १२७.०.०.१ वरच बांधा आणि बाहेरून एसएसएच टनेलने या. पासवर्ड फाइल वापरत असाल तर तिची मालकी टॉमकॅट युजरकडे आणि परवानगी ६०० हवी. दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर जेव्हीएम सुरू व्हायलाच नकार देतो.

८. जेपीएस (चालू जावा प्रोसेसची यादी देणारी आज्ञा) टाकलं तर टॉमकॅट यादीत दिसतच नाही, पण वेबसाइट चालू आहे.

जेपीएस चालू जेव्हीएम /टीएमपी मधल्या फाइलींवरून ओळखतो. डेबियनच्या सेवेत प्रायव्हेटटीएमपी चालू असतं, म्हणजे टॉमकॅटची /टीएमपी वेगळी आणि तुमची वेगळी. सिस्टमसीटीएल शो वापरून मुख्य प्रोसेसचा क्रमांक घ्या, रूट म्हणून एनएसएंटरने त्या प्रोसेसच्या माउंट नेमस्पेसमध्ये (तिला दिसणाऱ्या फाइल सिस्टममध्ये) शिरा आणि तिथून जेसीएमडी (चालू जेव्हीएमला आज्ञा देणारं टूल) चालवा. जावा ११ पासून पुढे रूटला हे करता येतं. जेसीएमडी सापडतच नसेल तर फक्त जेआरई (जावा चालवण्यापुरता भाग) बसलेलं आहे. डेबियनवर जेडीके-हेडलेस आणि रेड हॅटवर डेव्हेल पॅकेज लागतं.

प्रायव्हेटटीएमपी बंद करून टाका असा सल्ला मिळतो. करू नका. ते बंधन तुमच्या भल्याचं आहे.

९. मेमरी संपल्यावर हीप डंप (हीपची फाइलमधली प्रत) घ्यायचा पर्याय लावला होता. सर्व्हर पडला, पण डंप कुठेच नाही.

पत्ता दिला नसेल तर डंप प्रोसेसच्या चालू फोल्डरात, म्हणजे /व्हार/लिब/टॉमकॅट१० मध्ये लिहायला जातो. सेवेवर प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट असल्यामुळे ठरावीक जागा सोडून सगळी फाइल सिस्टम तिला फक्त वाचता येते, आणि हे फोल्डर त्या जागांमध्ये नाही. हीपडंपपाथ /व्हार/लॉग/टॉमकॅट१० कडे वळवा. हीप जेवढा मोठा जाऊ शकतो तेवढी जागा तिथे मोकळी ठेवा.

स्वतःचे लॉग /ऑप्ट खाली लिहिणाऱ्या एजंटांनाही हाच अडसर येतो. सिस्टमसीटीएल एडिट टॉमकॅट१० ही आज्ञा देऊन ड्रॉप-इन (मूळ युनिट फाइलला जोड देणारी वेगळी छोटी फाइल) उघडा आणि सर्व्हिस विभागात रीडराइटपाथ्सची एक ओळ घाला. मूळ युनिट फाइल बदलू नका. पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल.

१०. ॲप्ट अपग्रेड केलं आणि मॉनिटरिंग गायब झालं. काय झालं असेल?

अपग्रेड करताना 'सेटिंग फाइल बदललेली आहे, कोणती ठेवू' असा प्रश्न आला असेल आणि पॅकेजची नवी फाइल निवडली गेली असेल. डेबियन जुनी फाइल बहुधा शेजारीच दुसऱ्या शेवटाने ठेवतो. आधी तिथे बघा. रेड हॅटवर आरपीएमन्यू आणि आरपीएमसेव्ह या शेवटांच्या फाइली शोधा. पुढच्या वेळेसाठी /इटीसी वर इटीसीकीपर बसवा, म्हणजे काय बदललं ते एका आज्ञेत दिसेल. डेबियन ११ वरून १२ वर गेला असाल तर प्रश्न १२ बघा, ते दुखणं निराळं आहे.

११. हीप ९० टक्के झाल्याचा इशारा रात्रभर येतो, पण सकाळी सगळं ठीक असतं.

इशारा चुकीच्या आकड्यावर लावला आहे. हीप मांडवीच्या पाण्यासारखा चढतो-उतरतो: भरतीला पाणी कुठवर आलं यावर पूर ठरत नाही, ओहोटीला ते किती खाली गेलं ते बघावं लागतं. जेव्हीएम कचरा गोळा करण्याची घाई करत नाही, त्यामुळे हीप भरत जाणं हेच त्याचं रोजचं वागणं आहे. जीसी झाल्यानंतर ओल्ड जनरेशनमध्ये (हीपमधल्या जुन्या, टिकून राहिलेल्या डेटाच्या भागात) काय उरलं ते मोजा. ही तळरेषा दिवसागणिक वर सरकत असेल तर गळती आहे. जोडीला जीसीत जाणारा वेळही बघा.

उलटही घडतं: हीप शांत, तरी प्रोसेस अचानक मेलेली. मेटास्पेस (क्लासच्या माहितीची जागा), थ्रेडचे स्टॅक आणि एजंटची स्वतःची मेमरी हीपच्या बाहेर असते. यंत्राची रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेस मारतो आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये एक अक्षरही उमटत नाही. कर्नलचा लॉग वाचा.

१२. डेबियन १२ वर गेल्यावर टॉमकॅट९ चं पॅकेजच नाही. मॉनिटरिंगचं काय करू?

डेबियन १२ मध्ये टॉमकॅट९ चा सर्व्हर काढला गेला; राहिली ती फक्त लायब्ररी. टॉमकॅट१० मध्ये कोडमधल्या पॅकेजांना जावाएक्स ऐवजी जकार्ता ही नावं आली, त्यामुळे जुनं ॲप्लिकेशन जसंच्या तसं चालत नाही. टॉमकॅटचं स्वतःचं स्थलांतर टूल डेबियनमध्ये पॅकेज म्हणून मिळतं. हाच बदल एजंटलाही लागू आहे. जुना ट्रेसिंग एजंट (प्रत्येक विनंतीचा माग ठेवणारा, ओपनटेलिमेट्रीसारखा) जकार्ता सर्व्हलेट ओळखत नाही. तो सुरू होतो, चूक दाखवत नाही, आणि विनंत्यांचा आलेख मात्र सपाट शून्य राहतो. एजंट आधी नवा करा.

सेवेचं नाव, सेटिंगची फाइल आणि लॉगचा मार्ग हे सगळं ९ वरून १० होतं. टॉमकॅट९ या नावावर बांधलेले इशारे एकेक करून शोधा. जेएमएक्समधलं कॅटलिना हे डोमेन तेच राहतं, म्हणून एक्सपोर्टरचे नियम बहुधा तसेच चालतात.

१३. सिस्टमडी 'ॲक्टिव्ह' म्हणतो, प्रोमिथियसही हिरवा, पण पान उघडत नाही.

दोघांनीही खरं तेच सांगितलं आहे. सिस्टमडीला प्रोसेस जिवंत दिसते, प्रोमिथियसला एजंट उत्तर देतो. तुमचं ॲप्लिकेशन डिप्लॉय झालं की नाही हे दोघांनाही ठाऊक नाही. टॉमकॅटचा हेल्थचेक व्हॉल्व्ह /हेल्थ या पत्त्यावर उत्तर देतो, पण तोही डेटाबेसमध्ये डोकावत नाही. डेटाबेसला स्पर्श करणारं एक खरं पान निवडा, लॉगिनचं चालेल, आणि ते बाहेरून दर मिनिटाला उघडून त्यातला ठरावीक मजकूर तपासा. एकच तपासणी परवडत असेल तर हीच ठेवा.

१४. जूनमध्ये वीज गेली की इशाऱ्यांचा पूर येतो, नाहीतर एकही इशारा येत नाही. मधला मार्ग काय?

पूर थांबवण्यासाठी नियमात पाच मिनिटांची मुदत घाला, म्हणजे झाड तारांवर पडून क्षणभर वीज गेली तर फोन वाजणार नाही. शिवाय यंत्र बंद असताना त्यावरच्या टॉमकॅटचा वेगळा इशारा दाबून टाकणारा नियम प्रोमिथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये लिहा.

शांतता जास्त धोक्याची. मॉनिटरिंगचं यंत्र त्याच यूपीएसवर आणि त्याच ब्रॉडबँडवर असेल तर सांगायला कुणी उरतच नाही. कायम पेटलेला एक इशारा बाहेरच्या सेवेकडे पाठवत राहा. तो यायचा थांबला की त्या सेवेने तुम्हाला कळवायचं.

वीज परत आल्यावर टॉमकॅट डेटाबेसच्या आधी उठतो आणि ॲप्लिकेशन अर्धवट राहतं. दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर ड्रॉप-इनमध्ये आफ्टर या ओळीत डेटाबेसची सेवा लिहा. यंत्रं वेगळी असतील तर ही ओळ निरुपयोगी आहे. तिथे प्रश्न १३ मधली तपासणीच कामी येते.

आणि चवथीच्या दिवसांत सगळे आपापल्या गावच्या घरी असतात. इशारा मिळणारी दोन माणसं तरी ठेवा, आणि ती दोन वेगळ्या मोबाइल नेटवर्कची असू द्या.

१५. हॉटेल कळंगूटला, प्रोमिथियस पणजीच्या कार्यालयात. हॉटेलच्या ब्रॉडबँडला सार्वजनिक आयपीच नाही. आकडे कसे ओढायचे?

ओढू नका, पाठवा. हॉटेलच्या सर्व्हरवरच छोटा प्रोमिथियस एजंट मोडमध्ये (आकडे फक्त पुढे पाठवण्यापुरता) चालवा आणि रिमोट राइटने आकडे पणजीला पाठवा. नाहीतर वायरगार्ड या व्हीपीएनचं टनेल हॉटेलकडून उघडा. झॅबिक्सवाल्यांनी हॉटेलमध्ये ॲक्टिव्ह प्रॉक्सी आणि तिच्याच शेजारी जावा गेटवे ठेवावा: प्रॉक्सी स्वतःहून सर्व्हरच्या १००५१ पोर्टकडे जाते आणि जेएमएक्स हॉटेलच्या बाहेर पडतच नाही.

१६. रॉकी लिनक्सवर एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) बंद केलं की एजंट चालतो. बंदच ठेवू का?

नको. एयूसर्चने नकाराची नोंद काढा. होम फोल्डरातून हलवून आणलेल्या जारला जुनंच लेबल चिकटलेलं असणं हे नेहमीचं कारण, रिस्टोरकॉन चालवा. पोर्ट नाकारला जात असेल तर सीमॅनेजने तेवढ्या पोर्टला परवानगी द्या.

१७. एकाच यंत्रावर तीन टॉमकॅट आहेत. एकच एजंट पुरेल का?

प्रत्येक जेव्हीएमला स्वतःचा एजंट आणि स्वतःचा पोर्ट लागतो. रेड हॅटवर टॉमकॅट@नाव अशा सेवा असतात आणि प्रत्येकीची सेटिंग फाइल /इटीसी/सिसकॉन्फिग खाली वेगळी. एजंटची ओळ तिथे लिहा. सामाईक फाइलमध्ये लिहिली तर पहिला टॉमकॅट उठेल आणि उरलेले दोन प्रश्न ६ मधल्या पोर्टच्या कारणाने पडतील.

१८. वाइल्डफ्लाय किंवा जेटी या दुसऱ्या जावा सर्व्हरांसाठीही हेच लागू आहे का?

थोडंच. जेटीत जेएमएक्सचं मॉड्यूल आधी चालू करावं लागतं, नाहीतर फक्त जेव्हीएमचे आकडे दिसतात आणि सर्व्हरचे दिसत नाहीत. वाइल्डफ्लायचं जेएमएक्स ९९९० या व्यवस्थापनाच्या पोर्टवरून, स्वतःच्या रिमोटिंग प्रोटोकॉलने बोलतं. साध्या जेकॉन्सोलला त्यासाठी वाइल्डफ्लायची क्लायंट जार द्यावी लागते. शिवाय त्याची मॉड्यूल यंत्रणा एजंटचे क्लास ॲप्लिकेशनपासून लपवते. क्लास सापडत नसल्याची चूक आली तर जेबॉस.मॉड्यूल्स.सिस्टम.पीकेजीएस या पर्यायात एजंटच्या पॅकेजचं नाव जोडा. तिथे आधीपासून असलेली नावं काढू नका.

१९. दोन एजंट एकत्र लावले तर चालतं का?

जेएमएक्स एक्सपोर्टर आणि एक ट्रेसिंग एजंट सुखाने नांदतात, कारण पहिला फक्त आकडे वाचतो. दोन ट्रेसिंग एजंट मात्र एकत्र लावू नका. दोघेही चालू क्लासचा बाइटकोड बदलतात, आणि मग चूक कुणाची हे शोधण्यात दिवस जातो. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर आधी चाचणीच्या यंत्रावर जुना काढून नवा लावा, आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या दिवशीच्या सारख्याच वेळेचे ताडून बघा. ओपनटेलिमेट्रीच्या २.० पासूनच्या एजंटकडे जात असाल तर एक लक्षात ठेवा: तो वेगळं काही सांगितलं नाही तर ४३१८ पोर्टवर एचटीटीपीने पाठवतो. आकडे गोळा करणाऱ्या कलेक्टरवर जुना ४३१७ एवढाच उघडा असेल तर टॉमकॅट चालू राहील, लॉगमध्ये निर्यात फसल्याची ओळ अधूनमधून येईल आणि डॅशबोर्ड रिकामा दिसेल.